घराजवळचे रान विरळ करताना

खातेगाव-कन्नोदच्या बाजूचे रान हे पानगळीचे रान होय. साग, मोह, पळस, तेंदू ही त्यातली मुख्य झाडे. हिवाळा सरता सरता सागाची ताटाएवढी पाने गळून पडतात आणि वैशाखापर्यंत ती इतकी वाळतात की विडीचे एक थोटूक पुरते. ज्यांची घरे, गोठे व कडब्याच्या गंजी रानाच्या कडेला आहेत, त्यांनी ही तयारी उन्हाळा लागण्यापूर्वीच करावयास हवी.

पुष्कळांना वाटते, झाडे तोडली की धोका टळला. आम्हाला हे पटत नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या बाजूस आग शेंड्यांवरून धावते; तेथे रानालगतच्या घरांभोवती १०० फुटांपर्यंत जागा साफ ठेवण्याचा कायदाच आहे. आपल्याकडचा वणवा बहुधा जमिनीवरून, पालापाचोळ्यातून येतो. म्हणून आधी हाती घ्यावा तो खराटा, मग कुऱ्हाड. घर, गोठा आणि गंज यांच्याभोवती निदान तीस फूट पाला झाडून काढावा. तो जाळू नये. शेणाबरोबर खड्ड्यात कुजवावा, उत्तम खत होते. छपरावरचा पालाही विसरू नये.

त्यानंतर घाणेरी, म्हणजेच टणटणी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणलेले हे झुडूप आज सारे रान व्यापून बसले आहे. आग त्यावरून चढून झाडांच्या फांद्यांना लागते. जनावरांनी पाला खाल्ला तर त्यांना कावीळ होते व उन्हात कातडी सोलवटते. नुसती वरून छाटली तर ती दुप्पट फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटे तोडून ठोंब उलटा टाकावा. हे काम पावसाळ्यात, फळे धरण्यापूर्वी करावे. मोकळ्या जागेत लगेच गवत किंवा बांबू लावावा, नाहीतर वर्षभरात घाणेरी परत येते.

आता झाडे. सागाचा मळा दोन-दोन मीटरवर लावला तर हेक्टरी २५०० रोपे बसतात. तेवढी सगळी वाढू दिली तर एकही जाड होत नाही. सारी उन्हासाठी वर ताणत काठीसारखी राहतात. म्हणून पहिल्या विरळणीत एकाआड एक ओळ काढतात, पुढे वाकडी, रोगट व दबलेली. बुंध्याला अनेक फुटवे आले असतील तर सरळ, जोमदार असा एकच ठेवावा. एकदम उघडे मात्र करू नये. ऊन फार पडले की घाणेरीचेच फावते. मोह, आवळा व जुनी ढोलीची झाडे राखावीत.

मोहाची फुले वेचण्यासाठी झाडाखाली आग लावण्याची रीत सोडलेली बरी. त्यात सागाची कोवळी रोपे दरसाल जळतात व पुन्हा मुळापासून सुरुवात करतात. झाडून घ्यावे किंवा जाळी पसरावी. पाल्याच्या धुराने लहान मुलांचा व दमेकऱ्यांचा खोकला वाढतो, हेही आहेच.

हे सर्व आपल्या मालकीच्या जमिनीपुरते. तेथेही सागावर घाव घालण्यापूर्वी पटवाऱ्याला व नाकेदाराला विचारून परवानगी घ्यावी. सरकारी रानात भारतीय वन अधिनियम १९२७ लागू आहे, आणि खिवनी अभयारण्याच्या हद्दीत १९७२ चा वन्यजीव कायदा. तेथली घाणेरी काढावयाची असेल तर गावच्या वन समितीमार्फत वनखात्याकडे अर्ज करावा.