नांगर शेजाऱ्याचा बघून घेऊ नका, आपला ट्रॅक्टर बघून घ्या



"सर, माझ्याकडे ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे. भाड्याने नांगरट करायचीय. पलटी नांगर दोन फाळाचा घेऊ का तीन फाळाचा?"

भाड्याच्या नांगरटीवरचा व्हिडिओ टाकल्यापासून हा प्रश्न मला सारखा येतोय. व्हिडिओत हिशोब नीट मांडायला वेळ पुरला नाही, म्हणून आज लिहूनच काढतो. कागद-पेन घेऊन बसा. आजचा विषय नुसता वाचून उपयोग नाही.

आधी माझीच चूक सांगतो

माझं गाव निमोणे, तालुका शिरूर. ट्रेनिंग वगैरे सुरू करण्याआधी मीही भाड्याने ट्रॅक्टर चालवलाय. ट्रॅक्टर होता ४२ एचपीचा. शेजारच्या वस्तीवर एकाने तीन फाळाचा पलटी घेतला, तो एका वेळेला तीन तासं पाडायचा. मला वाटलं, आपण दोन फाळ घेतला तर लोक त्यालाच बोलावणार. मग काय, कर्ज काढून मीही तीन फाळाचाच उचलला. त्याचा ट्रॅक्टर ५५ एचपीचा होता, हे मात्र मी बघितलंच नाही.

माळावरच्या हलक्या रानात चाललं कसंबसं. पण घोड नदीकडच्या काळ्या रानात, खोडवा मोडायला गेलो आणि मागची चाकं जागेवर फिरायला लागली. बांधावर एक आबा बसले होते. ते म्हणाले, "आरं बाळा, ट्रॅक्टर नांगर ओढतोय का नांगरानं ट्रॅक्टर धरून ठेवलाय?"

दीड वर्षात तो नांगर मिळेल त्या भावात विकला. कर्जाचे हप्ते मात्र त्याच्या नंतरही चालू होते. तुमच्यावर ही वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

मोठा नांगर म्हणजे जास्त काम? आकडे बघा

एक फाळ साधारण ३० सेंटिमीटर रुंदीचं तास काढतो असं धरू. म्हणजे दोन फाळ ६० सेंटिमीटर, तीन फाळ ९० सेंटिमीटर. नांगरताना ट्रॅक्टर ताशी ४ किलोमीटरने चालला आणि वळणं, थांबणं धरून १०० पैकी ७० टक्के वेळच खरं काम झालं, तर:

- दोन फाळ: तासाला सुमारे १,६८० चौरस मीटर. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे एकराला साधारण २ तास २५ मिनिटं.
- तीन फाळ, त्याच वेगाने: तासाला २,५२० चौरस मीटर. एकराला साधारण १ तास ३५ मिनिटं.

इथपर्यंत तीन फाळच भारी वाटतो. पण सगळी गोम "त्याच वेगाने" या दोन शब्दांत आहे.

नांगर २५ सेंटिमीटर खोल लावला तर दोन फाळ मिळून १,५०० चौरस सेंटिमीटर माती कापतात. तीन फाळ २,२५० कापतात. म्हणजे ओढ थेट दीडपट. ट्रॅक्टरची ताकद आणि वजन मात्र तेवढंच. मग चाकं घसरतात, तुम्ही गिअर खाली टाकता आणि वेग अडीच किलोमीटरवर येतो. आता परत मांडा: तीन फाळ, अडीच किलोमीटर, ७० टक्के. तासाला १,५७५ चौरस मीटर. एकराला २ तास ३४ मिनिटं!

म्हणजे जास्त पैसे देऊन घेतलेला मोठा नांगर छोट्यापेक्षा हळू चालला. वर डिझेल जास्त, टायर जास्त, क्लचप्लेट लवकर. माझं नेमकं हेच झालं होतं.

ट्रॅक्टरकडून चार गोष्टी विचारून घ्या

१. एचपी. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. जमिनीत ओढायला त्यातली बरीच कमी ताकद उरते. साधारण ४० ते ५० एचपीला दोन फाळ आणि त्याच्या वर, तेही जमीन बघून, तीन फाळ असं धरून चाला. रान भारी काळं असेल तर या पट्ट्याच्या खालच्या टोकाला असलेल्यांनी आणखी जपून.

२. वजन. अमेरिका-कॅनडात हिवाळ्यात पिकअप गाडीला पुढे बर्फाचा नांगर लावून रस्ते, अंगणं साफ करून देण्याचा धंदा चालतो. नांगर घेताना ती माणसं आधी गाडीच्या पुढच्या अ‍ॅक्सलला किती वजन झेपतं ते बघतात आणि तोल राखायला मागे हौद्यात वजन टाकतात. आपलं उलटं आहे. आपला नांगर मागे, म्हणून आपलं पुढचं तोंड हलकं होतं. नांगर उचलल्यावर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिला पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग ऐकत नाही. रस्त्याने जाताना हे जिवावर बेतू शकतं. गरज असेल तर पुढे वजनाच्या प्लेटा लावा. त्यांचा खर्चही नांगराच्या खर्चातच धरा.

३. लिफ्ट आणि पिना. ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिफ्टची क्षमता दिलेली असते. ती बहुतेक वेळा खालच्या लिंकच्या टोकाला मोजलेली असते. नांगराचं वजन त्याच्या बरंच मागे असतं, म्हणून प्रत्यक्षात तेवढं उचलत नाही. पिनाही जुळल्या पाहिजेत. कॅटेगरी एकला खालची पिन २२ मिलिमीटरची असते, कॅटेगरी दोनला २८ मिलिमीटरची. घरी आणल्यावर बुश शोधत फिरण्यापेक्षा दुकानातच विचारा.

४. हायड्रॉलिकची लाईन. पलटी नांगराचा फायदा हाच की तासाच्या टोकाला फाळ उलटे होतात, माती एकाच बाजूला पडत जाते आणि रानात मधे नाली राहत नाही. पण फाळ तेलाच्या दाबावर उलटायचे तर ट्रॅक्टरला त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह लागतो. तुमच्या ट्रॅक्टरला तो नसेल तर बसवायचा खर्च वेगळा.

मग जमिनीला विचारा

आपल्याच भागाचं उदाहरण घेऊ. घोड धरणाच्या पाण्यावरचं उसाचं रान काळं आणि चिकट. तिकडे माळाला मुरमाड, दगडगोट्याची जमीन. गाव एकच, पण नांगराला दोन वेगळी गावं.

काळ्या रानात ओढ जास्त लागते, म्हणून फाळ कमी आणि वाफसा बघूनच काम. ओल जास्त असताना नांगरलं तर माती पाट्याला चिकटते, पूर्ण सुकल्यावर नांगरलं तर डोक्याएवढी ढेकळं निघतात. गिऱ्हाईक घाई करतं, पण "दादा, चार दिवस थांबा, वाफसा येऊ द्या" असं सांगणारा माणूस पुढच्या वर्षी परत बोलावला जातो.

मुरमाड रानात फाळाची टोकं झिजतात आणि दगडाला लागून तुटतात. तिथे टोकाला पुढे सरकवता येणारी पट्टी असलेला, म्हणजे बार पॉइंटचा नांगर बरा पडतो. झिजली की पट्टी पुढे सरकवायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, टोकं, पट्ट्या, बोल्ट शिरूरच्या बाजारात मिळतात का? हंगामात एका टोकासाठी दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला, तर स्वस्तात घेतलेला नांगर महाग पडतो.

आता धंद्याचा हिशोब

खालचे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावचे दर घालून परत मांडा.

समजा दोन फाळाचा नांगर १,२०,००० रुपयांना घेतला. ८ वर्षांनी तो २०,००० ला विकला जाईल. म्हणजे वर्षाला १२,५०० रुपये झीज. त्यात व्याज धरलं की वर्षाचे साधारण २०,००० रुपये. हे पैसे नांगर चालला काय, शेडमध्ये उभा राहिला काय, जाणारच.

एकराचा चालू खर्च:

- डिझेल १२ लिटर, ९० रुपयांनी: १,०८० रुपये
- ड्रायव्हर: २५० रुपये
- टोकं, ग्रीस, बोल्ट: १०० रुपये
- ट्रॅक्टरची झीज, टायर, सर्व्हिसिंग, त्याचं व्याज: ५८० रुपये

झाले २,०१० रुपये. आता गावात नांगरटीचा दर एकरी २,५०० धरू.

वर्षाला १०० एकर काम मिळालं तर नांगराचे २०० रुपये एकरी पडतात. खर्च २,२१०, हातात २९० रुपये. वर्षाचे २९,०००.

वर्षाला ४० एकरच मिळालं तर? नांगराचे एकरी ५०० पडतात. खर्च २,५१०. म्हणजे प्रत्येक एकराला १० रुपये तोटा. दिवसभर धूळ खाऊन!

नांगर तोच, ट्रॅक्टर तोच, दर तोच. फरक फक्त किती एकर काम मिळालं याचा. म्हणून "कोणता नांगर घेऊ?" याच्या आधीचा प्रश्न आहे "माझ्याकडे किती एकर काम आहे?"

१०० एकर म्हणजे रोज ८ तास धरले तर पूर्ण ३० दिवस. हे दिवस कुठून येणार ते आधीच लिहून काढा. उन्हाळी नांगरट एप्रिल-मे. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टला लागतो, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरला, सुरू जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमाराला. त्याच्या आधी प्रत्येकाला रान तयार करून हवं असतं. नुसत्या मे महिन्याच्या भरवशावर कर्ज काढू नका.

आणि छोट्या तुकड्याचा दर वेगळा ठेवा. २० गुंठ्यांच्या पट्टीत वळणंच जास्त. कामाचा वेळ ७० टक्क्यांवरून ५५ वर आला की एकराला तीन तास लागतात. तिथे एकरी दर घेतला की तुमच्या खिशातून गेलं. तासावर बोला, आणि नांगर रानात टाकायच्या आधी बोला.

घेण्याआधी एक चाचणी

विक्रेत्याला सांगा, "आमच्या रानात चालवून दाखवा." मागच्या चाकावर खडूने खूण करा. नांगर वर उचलून, चाकाचे १० फेरे होईपर्यंत किती अंतर गेलं ते मोजा. समजा ४० मीटर. मग नांगर लावून परत १० फेरे. ३४ मीटर भरलं तर घसरण १५ टक्के, इथपर्यंत ठीक. ३० मीटरच भरलं तर २५ टक्के, म्हणजे तुमचं चौथाई फिरणं वाया. नांगर मोठा आहे किंवा ट्रॅक्टर हलका आहे. एवढी चाचणी मी केली असती तर माझा नांगर दारातूनच परत गेला असता.

चाचणी मागायला लाजू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली असं सांगतात. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराच्या धंद्यात शंका घेणारं गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून आहे. तुम्हीही शंका घ्या.

अनुदानाचं काय?

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेसाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करता येतो. दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पूर्वसंमती हातात पडल्याशिवाय खरेदी करायची नाही. आणि अनुदान मिळतंय म्हणून मोठा नांगर घ्यायचा नाही. अनुदान एकदा मिळतं, डिझेल रोज लागतं. जुनी कोटेशन असतील तर नवी मागवा, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून शेती अवजारांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय.

आजचा गृहपाठ

वहीत तीन रकाने करा: शेतकऱ्याचं नाव, किती एकर, कोणत्या महिन्यात. आपल्या आणि आजूबाजूच्या दोन गावांत फिरा आणि "घेतला तर मला काम द्याल का?" असं विचारून भरा. नुसतं "बघू" म्हणणाऱ्याचं नाव लिहू नका. बेरीज तुमच्या हिशोबातल्या एकरांपर्यंत गेली तर नांगर घ्या. नाही गेली तर या वर्षी दुसऱ्याचा नांगर भाड्याने घेऊन काम करा आणि गिऱ्हाईक जोडा. त्यात कमीपणा काही नाही.

आणि जाता जाता, उचललेल्या नांगराखाली कधी शिरू नका. बोल्ट आवळायचा असला तरी आधी नांगर जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. धंदा परत उभा करता येतो, माणूस नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. वही भरूनच या!