शनिवारी बाबा घरी!

कामावरून सुटायची वेळ झाली, की नोकरदार आईचा जीव घराकडे ओढ घेतो. मुलाला पाळणाघरातून आणायचे असते, सासूबाईंचे औषध राहिलेले असते. ही ओढाताण फक्त आपल्याकडचीच नाही. जर्मनीत तिच्यासाठी कामगार संघटना झगडत आल्या आहेत.

१९५६ च्या मे दिनी तिथल्या भित्तिपत्रकावर एक चिमुरडा सांगत होता, 'शनिवारी बाबा माझे!' मागणी होती पाच दिवसांच्या आठवड्याची. २०१८ मध्ये 'आयजी मेटाल' या संघटनेने संप करून आणखी एक हक्क मिळवला. कामगाराने दोन वर्षांपर्यंत आठवड्याला २८ तास काम करावे आणि मग पुन्हा पूर्णवेळ रुजू व्हावे. पगार कमी होतो, पण परतीची वाट बंद होत नाही. एकदा अर्धवेळ काम पत्करलेल्या बाईला हीच तर धास्ती असते!

तेव्हा संघटनेच्या उपाध्यक्ष होत्या ख्रिस्टियाने बेनर. २०२३ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या. पुरुषांचे वर्चस्व असलेल्या या संघटनेच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष.

विशेष म्हणजे ही सवलत बाबांनाही आहे. पाळणाघराच्या दारात तेही दिसू लागले, तरच आईचे ओझे खऱ्या अर्थाने हलके होईल, नाही का?