कोकणची गुराब, इंग्रजीतला ‘ग्रॅब’

इंग्रजीत ‘ग्रॅब’ म्हटले की आज हिसकावणे किंवा झडप घालणे एवढाच अर्थ मनात येतो. अठराव्या शतकात मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या लेखी मात्र याच अक्षरांचा दुसरा एक शब्द होता. ती होती कोकण किनाऱ्यावरची लढाऊ नौका, म्हणजे मराठ्यांची ‘गुराब’. दोन्ही शब्दांचे कूळ वेगळे. हिसकावण्याचा ‘ग्रॅब’ उत्तर युरोपातल्या भाषांतून आला, तर नौकेचा ‘ग्रॅब’ अरबीतल्या ‘घुराब’वरून. घुराब म्हणजे डोमकावळा. वल्ह्यांच्या लढाऊ जहाजालाही अरबीत तेच नाव होते. अरबी समुद्राच्या व्यापारात ते आपल्या किनाऱ्यावर रुळले आणि येथून इंग्रजांनी उचलले. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे.

कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने गुराबेचे वर्णन करून ठेवले आहे. तिला बहुधा दोन, क्वचित तीन डोलकाठ्या असत. तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, तर दोन डोलकाठ्यांची १५० टनांपर्यंत असे. मध्यभागी रुंद असलेली ही नौका पुढे निमुळती होत जाई आणि तिची नाळ लांब पुढे आलेली असे. नाळेवरून थेट समोर मारा करणाऱ्या तोफा ही तिची खरी ताकद होती.

गुराबेच्या जोडीला गलबत असे. इंग्रज त्याला ‘गॅलिव्हॅट’ म्हणत. ते सहसा ७० टनांच्या आतले, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे आणि हलक्या तोफांचे. वारा पडला की गलबते वल्हवत गुराबांना ओढून नेत. शत्रूच्या जहाजाच्या आडव्या बाजूच्या तोफा चुकवून त्याला मागून गाठायचे, आधी शिडे आणि डोलकाठ्या निकामी करायच्या, मग गलबतांतल्या माणसांनी त्यावर चढाई करायची, ही कोकणचे आरमारी सरदार असलेल्या आंग्र्यांची रीत होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा एक आरमारी सुभा करावा, असे सांगितले आहे.

याच आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांशी झालेल्या करारानुसार कंपनीच्या कमोडोर जेम्सने एप्रिल १७५५ मध्ये हर्णैजवळचा सुवर्णदुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून जिंकला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर हल्ला केला. त्या वेळी एका जहाजाला लागलेली आग पसरून आंग्र्यांचे आरमार जळाले.

इंग्रजांच्या मुंबईतल्या आरमारातही अशा नौका होत्या. त्या प्रकारची जहाजे मागे पडली, तसा शब्दही वापरातून गेला. आज तो जुन्या कागदपत्रांत आणि आरमारी इतिहासाच्या ग्रंथांतच भेटतो. तो वाचताना त्यामागची मराठी गुराब ओळखता आली, तरच कोकणच्या दर्यावर्दींनी इंग्रजांना दिलेली झुंज त्या कागदांतून नीट कळते.