उन्हातली माणसं

दिवाळीच्या सुट्टीत मी मुलीला घेऊन पारगावला माहेरी जाते. आमचं पारगाव आंबेगाव तालुक्यातलं, घोड नदीकाठचं, भीमाशंकर साखर कारखान्याचं. (जुन्नर तालुक्यातही एक पारगाव आहे, म्हणून एसटीत कंडक्टरला 'कारखान्याचं' असं वेगळं सांगावं लागतं.) गेल्या खेपेला गळीत नुकतंच सुरू झालं होतं. रस्त्यावर उसाच्या गाड्या, माळावर तोडकऱ्यांच्या कोप्या, आणि घरात चार मुलं: माझी एक, भावाची दोन आणि शेजारचा एक. चौघांकडेही ऑइल पेस्टलची पेटी होती. चौघेही ओसरीवर बसून तेच चित्र काढत होते. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि झोपडीपाशी काडेपेटीतल्या काडीसारखा एक माणूस.

समोरच्या बांधावरून खरा माणूस डोक्यावर वाढ्यांचा भारा घेऊन चालला होता. त्याच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं.

मी पुण्यात एका शाळेत चित्रकला शिकवते, तेव्हा यात मुलांची चूक नाही हे मला ठाऊक आहे. आपण त्यांना पेन्सिलीनं कडा काढायला आणि कडेच्या आत रंग भरायला शिकवतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या स्मरणचित्रापर्यंत हीच सवय जाते. माणूस कसा दिसतो हे पाहायची गरजच पडत नाही, तो पाठ असतो. म्हणून मी त्यांच्या पेन्सिली आणि खोडरबर काढून घेतले, पुठ्ठ्यांना चिमट्यानं खाकी कागद लावले आणि म्हटलं, चला शेतात.

इथे आमच्या भागाची एक अडचण सांगायला हवी. चित्रकाराला आवडणारं तिरपं, सोनेरी ऊन सकाळी लवकर आणि संध्याकाळी उतरतीला मिळतं. बिबट्याही त्याच वेळी फिरतो. जुन्नर-आंबेगावात उभ्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते, हे इथल्या लहान पोरालाही माहीत आहे, आणि खाली बसलेलं, वाकलेलं मूल त्याला लहान जनावरासारखं दिसतं, असं घरोघर बजावून सांगतात. त्यामुळे मोने किंवा रेन्वार काहीही करोत, आम्ही नऊनंतर निघायचं, तोडणी झालेल्या मोकळ्या रानातच बसायचं, उभ्या उसाकडे पाठ करायची नाही आणि माझा भाऊ काठी घेऊन शेजारी उभा राहणार, असं ठरलं. अम्मीनं एवढ्या अटींवर सोडलं. तुमच्या भागात बिबट्या नसेल, पण रस्ता, विहीर, कालवा असेलच. मुलांना बाहेर चित्र काढायला नेताना एक मोठं माणूस असं हवं, जे चित्र काढत नाही.

बाहेर बसून, समोर बघत, ऊन बदलायच्या आत चित्र पुरं करायचं, ही रीत गाजवली ती फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी. १८७४ साली पॅरिसमध्ये नादार नावाच्या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत त्यांचं पहिलं प्रदर्शन भरलं. मोनेच्या सूर्योदयाच्या चित्रावरून एका टीकाकारानं थट्टेनं त्यांना हे नाव दिलं आणि तेच चिकटलं. त्यांना बाहेर पडता आलं त्याचं एक कारण अगदी साधं होतं: १८४१ मध्ये दाबून रंग काढायची कथलाची ट्यूब निघाली होती. रंग खिशात मावला, मग चित्रकार घराबाहेर पडला. त्या पहिल्या प्रदर्शनात बेर्थ मोरिझो ही बाईही होती. पुरुष चित्रकार चहाखान्यांत, नाचघरांत बसून चित्रं काढत. तिला तिथे एकटीनं बसायची सोय नव्हती. तिनं बहीण काढली, पाळण्यातलं बाळ काढलं, पुढे बागेत खेळणारी मुलगी काढली. घरातल्याच माणसांवर पडलेलं ऊन तिला आयुष्यभर पुरलं. आपल्या मुलींना ही गोष्ट मी मुद्दाम सांगते.

ऑइल पेस्टल मात्र त्यांच्यानंतरचे. ते १९२०च्या दशकात जपानमध्ये निघाले, आणि तेही शाळेतल्या मुलांसाठी. यामामोतो कानाए नावाचे चित्रकार फ्रान्सहून रशियामार्गे परतले होते. मुलांनी पुस्तकातली चित्रं नकलण्याऐवजी डोळ्यांनी पाहून काढावीत, अशी चळवळच त्यांनी चालवली. त्यातून साकुरा कंपनीचे हे मऊ, तेलकट खडू आले. आपल्याकडे कॅमलच्या पेटीमुळे ते घरोघर पोचले.

आता शेतात काय केलं ते सांगते. पहिल्या दिवशी मुलं रडकुंडीला आली. "फुफी, ती बाई हलतेय!" तोडकरी हलणारच. वाकायचं, कोयता मारायचा, पाचट सोलायचं, ऊस मागे टाकायचा. मग मी सांगितलं, दहा मिनिटं खडू खालीच ठेवा, नुसतं बघा. बघता बघता माझ्या भाचीच्या लक्षात आलं की ती बाई दर वेळी तशीच वाकते. एकदा वाकलेली निसटली तरी मिनिटाभरात परत तशीच दिसते. कष्टाच्या कामात हालचाल फिरून फिरून येते. चालणाऱ्या माणसापेक्षा काम करणारा माणूस काढायला सोपा.

दुसरी गोष्ट, डोळे अर्धे मिटून बघायचं. मग नाक, डोळे, लुगड्याची नक्षी, बांगड्या सगळं विरून जातं. एक उजेडाचा तुकडा आणि एक सावलीचा तुकडा, एवढंच उरतं. आधी सावलीचा तुकडा आडव्या खडूनं घसटून घ्यायचा, त्याला चिकटून उजेडाचा. डोकं म्हणजे एक ठिपका, आणि तो लहानच ठेवायचा. उभ्या मोठ्या माणसाच्या उंचीत डोकं साधारण सात-साडेसात वेळा मावतं, मुलं मात्र ते हटकून भोपळ्याएवढं करतात. पायांची बोटं नकोत, जमिनीवरची सावली काढा. सावली पडली की माणूस जमिनीवर उभा राहतो, नाहीतर हवेत तरंगतो.

आणि काळा खडू पेटीतून काढून टाकायचा. यावर मोठं भांडण झालं. सावली काळीच असते, असं शेजारच्या मुलाचं ठाम मत. त्याला मी माझ्या भावाच्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहायला लावलं. उन्हाकडची बाजू पिवळसर, सावलीकडची निळी, आणि खाली जिथे पाचटाचा उजेड उलटून येत होता तिथे चक्क तांबूस. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मामूचा सदरा पांढरा कुठेच नाहीये."

काही बारीकसारीक: खडू उन्हात ठेवले तर लोण्यासारखे होतात, पेटी सावलीत ठेवा. गडद रंगावर फिकट घासला की टोक मळतं, फडक्यानं पुसत राहा. चुकलं तर खोडायचं नाही, त्यावरूनच दुसरा रंग दाबून द्यायचा. खाकी कागद मधून मधून उघडा राहिला तर राहू दे. आमच्याकडच्या पाचटाचा रंग तोच आहे. तोडणाऱ्यांची परवानगी आधी घेतली होती. एक बाई हसत म्हणाली, "माझं काय काढताय, तोंडबी धुतलं नाय." तोंड काढायचंच नव्हतं! जाताना तिचं चित्र तिला दिलं. तिचा सातेक वर्षांचा मुलगा तिसऱ्या दिवसापासून आमच्यात येऊन बसू लागला. त्याला वाकलेली आई बघावी लागत नव्हती, एका दमात काढायचा.

घरी मात्र प्रश्न होता अब्बांचा. मी नववीत असताना काढलेलं अम्मीचं चित्र भिंतीवर लावलं, तेव्हा अब्बांनी ते न बोलता काढून घेतलं होतं. तेव्हापासून त्या घरात मी फक्त झाडंच काढली. सजीवांच्या चित्राबद्दल आपल्यात मतं एकसारखी नाहीत. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी एका चित्रकाराला झाडं आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितल्याची रिवायत आहे, हजरत आयेशा (रजि.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत, हेही हदीसमध्येच आहे. मी आलिमा नाही, कोणाच्या घरात काय चालावं हे मी सांगणार नाही. एवढंच, की अब्बांपासून काही लपवायचं नाही, असं मी मुलांना आधीच सांगून ठेवलं होतं.

तर भाचीनं त्यांनाच काढलं. ते अंगणात पाठमोरे बसून लसूण निवडत होते. पांढरा सदरा निळा-पिवळा, टोपी म्हणजे एक फटकारा, आणि तोंड नाहीच. तिनं ते त्यांच्या हातात दिलं. मला नववीतल्यासारखी धडधड झाली.

अब्बांनी कागद जवळ नेला, लांब धरला. "यात नाक-डोळे कुठायत?"

"नाहीत, दादा. लांबून दिसत नाहीत."

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "खांदा डावीकडं कलतो माझा. तुला कोणी सांगितलं?" बैलगाडीवरून पडल्याची ती जुनी दुखापत. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिनं पाहिलं होतं.

त्या रात्री मी त्यांना कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांच्याबद्दल सांगितलं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून ते गावी परतले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि कोटितीर्थाच्या पाण्यावरचा बदलता उजेड रंगवत राहिले. १९३१ मध्ये वारले. कोल्हापूरचे पुढचे चित्रकार त्यांना मानतात. "आपल्यातला?" अब्बांनी विचारलं. "आणि तळी रंगवायचा?" मग अम्मीकडे वळून म्हणाले, "तळ्याला काय हरकत असणार."

भिंतीवर चित्र लागलं नाही. ज्या खोलीत नमाज होते तिथे नको, वहीत ठेवा, एवढं ते म्हणाले. वही मात्र त्यांच्याच कपाटात आहे आणि आल्यागेल्याला ती दाखवून खुर्चीचा पाय वाकडा काढलाय अशी तक्रार करतात.

निघायच्या आदल्या दिवशी पिवळा, पांढरा आणि निळा संपले. मंचरला सुटे खडू मिळाले नाहीत, पूर्ण पेटीच घ्यावी लागली. आता घरात काळे पाच झालेत.