कॉन्सल द एज्युकेटेड मंकी

कॉन्सल द एज्युकेटेड मंकी (अर्थ: सुशिक्षित माकड कॉन्सल) हे मुलांना गुणाकार शिकवण्यासाठी अमेरिकेत तयार करण्यात आलेले पत्र्याचे यांत्रिक खेळणे आहे. विल्यम रॉबर्टसन यांना १९१६ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथील एज्युकेशनल टॉय मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने त्याचे उत्पादन केले. त्या काळात 'कॉन्सल' या नावाने प्रशिक्षित चिंपांझींचे खेळ लोकप्रिय होते. त्यावरून खेळण्याला हे नाव मिळाले.

== रचना व वापर ==
खेळण्याच्या तळाशी १ ते १२ हे अंक एका ओळीत असून त्यांच्या वर गुणाकारांचा त्रिकोणी तक्ता आहे. माकडाचे हातपाय एकमेकांना सांध्यांनी जोडलेले आहेत. त्याची एक पावली ४ वर आणि दुसरी ७ वर सरकवली, की दोन्ही हातांच्या मध्ये २८ ही संख्या दिसते. दोन्ही पावले एकाच अंकावर ठेवता येत नाहीत. म्हणून १२ च्या उजवीकडे चौकोनाची खूण आहे. डावी पावली ६ वर आणि उजवी या खुणेवर ठेवल्यास ६ चा वर्ग, म्हणजे ३६, मिळतो.

== गणिती तत्त्व ==
दोन पावले आणि हातांमधील जागा यांमुळे समद्विभुज त्रिकोण तयार होतो. पावलांमधील अंतर बदलले, तरी सांध्यांच्या जोडणीमुळे या त्रिकोणाचे कोन बदलत नाहीत. परिणामी अंकांच्या प्रत्येक जोडीसाठी तक्त्यावर एकच ठरावीक जागा येते. ४ × ७ आणि ७ × ४ यांची जागा एकच असल्याने १४४ ऐवजी ७८ घरे पुरतात: वेगवेगळ्या अंकांच्या जोड्यांची ६६ आणि वर्गांची १२. गुणाकाराचा क्रमनिरपेक्षता गुणधर्म अशा रीतीने खेळण्याच्या रचनेतच सामावलेला आहे.

== शैक्षणिक उपयोग व मर्यादा ==
खेळणे उत्तर दाखवते. ते कसे आले, हे सांगत नाही. त्यामुळे पाठ केलेले पाढे पडताळण्यासाठी ते सोयीचे असले, तरी गुणाकार म्हणजे पुनःपुन्हा केलेली बेरीज, ही कल्पना मुलांना स्वतंत्रपणे समजावून द्यावी लागते. मात्र ते उलट क्रमाने वापरल्यास अवयव शोधता येतात. उदाहरणार्थ, तक्त्यावर २४ ही संख्या तीन ठिकाणी आढळते. तेथे हात नेल्यास पावले २ व १२, ३ व ८ किंवा ४ व ६ या जोड्या दाखवतात.