थंडी, जीप आणि धूर

कळसूबाईच्या (1646 मीटर) पायथ्याच्या गावांत पौषात जुनी डिझेल जीप पहाटे अडली की बोल थंडीला लागतो. खरे तर थंडी बहुधा आधीचेच दुखणे उघडे पाडते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते. गार लोखंड ती उष्णता शोषते, ऑइल घट्ट होते, बॅटरीही मंदावते.

सेल्फ रेंगाळला तर बॅटरी, टर्मिनल पाहावेत. तो जोमात फिरूनही गाडी चालू होत नसेल तर सायलेन्सरकडे पाहावे. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचते, पेटत नाही: संशय हीटर प्लगवर किंवा कॉम्प्रेशनवर. धूरच नसेल तर बहुधा डिझेलच्या नळीत हवा शिरलेली असते.

रात्री गाडी उतारावर लावण्याची युक्ती नामी, पण ती फक्त सेल्फचे काम वाचवते. पहाटे रुग्णाला राजूरला न्यायचे असेल आणि बिघाड हीटरचा असेल, तर उतार संपतो, गाडी तशीच.