उत्तररात्रीची नमाज

हिंगणघाटास आमच्या घराच्या मागील बोळात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ राहत असत. आम्ही सारे त्यांस चाचा म्हणत असू. माझ्या कुटुंबाच्या दीर्घ आजारात मला कित्येक रात्री जागून काढाव्या लागल्या. त्या काळी रात्री दोन-अडीचच्या सुमारास चाचांच्या मोरीत पाणी पडल्याचा आवाज येई आणि खिडकीत मंद दिवा दिसे. मला वाटले, म्हाताऱ्यास निद्रानाश जडला असावा. एके दिवशी मी सहज औषधाची गोष्ट काढली, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, “गुरुजी, आमच्यामुळे आपली झोप मोडते का?” दुसऱ्या रात्रीपासून पाण्याचा आवाज बंद झाला. दिवा मात्र दिसतच होता. पुढे त्यांच्या चिरंजीवांकडून समजले की वडील ‘तहज्जुद’ पढतात.

हा शब्द मी त्या दिवशी प्रथमच ऐकला. ब्राह्ममुहूर्ताचे महत्त्व वर्गात मुलांस सांगण्यात माझी उभी हयात गेली. परंतु चाळीस वर्षांच्या शेजाऱ्याची उपासना मला ठाऊक नव्हती. ही लाज थोडी फेडावी म्हणून जे विचारून व वाचून समजले, ते येथे देत आहे.

मुसलमानांस दिवसातून पाच नमाजा अवश्य कराव्या लागतात. पहाटेची फजर, दुपारची जुहर, तिसऱ्या प्रहरीची असर, सूर्यास्तानंतरची मगरिब आणि रात्रीची इशा. याखेरीज स्वेच्छेने करावयाच्या नमाजेस ‘नफल’ म्हणतात. आपल्याकडे नित्यकर्म चुकले तर प्रत्यवाय मानला आहे. नफल न केल्याने मात्र दोष लागत नाही. तहज्जुद ही अशीच ऐच्छिक नमाज होय. कुराणाच्या १७व्या अध्यायातील ७९व्या आयतीत पैगंबरांस उद्देशून तिचा उल्लेख आहे. ज्या धातूपासून हा शब्द निघाला, त्याचे निजणे आणि जागणे असे दोन्ही अर्थ अरबी कोशकार देतात. संस्कृतात ‘आरात्’ म्हणजे दूर आणि जवळही, तसाच हा प्रकार. निजून मग जागणे हेच या नमाजेचे स्वरूप असल्यामुळे नाव अन्वर्थक वाटते.

इशा झाल्यापासून पहाटेचे तांबडे फुटेपर्यंत तिचा काळ असतो. थोडी निद्रा घेऊन उठावे हा प्रघात आहे. रात्रीचा शेवटचा तिसरा भाग सर्वांत श्रेष्ठ मानतात. त्याचे गणित सोपे आहे. समजा, सूर्यास्त ६ वाजता आणि फजरची वेळ ५ वाजता लागते. मधले ११ तास. त्यांचा तिसरा हिस्सा ३ तास ४० मिनिटे. तो ५मधून वजा केला की १ वाजून २० मिनिटांनी शेवटचा भाग सुरू होतो. आपला ब्राह्ममुहूर्त सूर्योदयापूर्वी ९६ मिनिटांनी लागतो, म्हणजे आपला गजर होण्याच्या सुमारास चाचांची तहज्जुद आटोपत आलेली असे.

उठल्यावर प्रथम वुजू करावयाचा. हात मनगटापर्यंत धुणे, चूळ भरणे, नाकात पाणी घेणे, तोंड धुणे, कोपरापर्यंत हात धुणे, ओल्या हाताने मस्तक पुसणे आणि घोट्यांपर्यंत पाय धुणे, असा तो क्रम आहे. मग काबेकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेस, तोंड करून उभे राहावयाचे. संकल्प मनात असला की पुरे. आपल्याप्रमाणे देशकालाचा उच्चार करावा लागत नाही. नमाजेच्या एका आवर्तनास रकात म्हणतात. तीत उभ्याने कुराणाचा पहिला अध्याय, फातिहा, व त्यापुढे दुसरा एखादा भाग पढावयाचा. नंतर गुडघ्यांवर हात ठेवून वाकावयाचे. पुन्हा सरळ उभे राहून दोनदा भूमीस कपाळ टेकावयाचे. दोन रकाती झाल्या की बसून प्रार्थना म्हणावयाची आणि उजवीकडे व डावीकडे मान वळवून सलाम करून समाप्ती करावयाची.

रात्रीची नमाज अशी दोन-दोन रकातींनी वाढवीत नेतात. कमीत कमी दोनही चालतात. पैगंबर रात्री अकराहून अधिक पढत नसत, असे त्यांच्या पत्नी आयेशा यांचे सांगणे हदीसमध्ये आहे. शेवट ‘वित्र’ नावाच्या विषम संख्येने होतो. आपल्याकडील बहुसंख्य हनफी लोक त्याच्या तीन रकाती पढतात. उठण्याची खात्री नसलेल्याने वित्र निजण्यापूर्वीच उरकून घ्यावी. मग ती पुन्हा पढावयाची नाही.

मला विशेष वाटले ते पुढील नियमांचे. थकवा आला असता आधारास धरावी म्हणून घरातील एका स्त्रीने खांबांमध्ये दोरी बांधली होती. पैगंबरांनी ती सोडावयास लावली आणि उत्साह असेतोवरच प्रार्थना करावी असे सांगितले. आजारी, प्रवासी यांस ७३व्या अध्यायाच्या २०व्या आयतीत सवलत आहे. अबू बकर फार हळू व उमर फार मोठ्याने पढत; पहिल्यास आवाज थोडा चढवावयास व दुसऱ्यास उतरवावयास सांगितले गेले. थोडे पण नित्य केलेले कर्म ईश्वरास अधिक प्रिय, हाही उपदेश प्रसिद्ध आहे. एकत्र कुटुंबात पहाटे घंटा बडवून लेकुरवाळ्या सुनांची झोप मोडणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांनी यावर विचार करावा.

आपल्या वर्धा जिल्ह्यास हा विषय परका नसावा. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांच्या नावाचा दर्गा असून तेथे हिंदूही नवस फेडावयास जातात. सूफींच्या परंपरेत रात्रीचे जागरण हे साधनेचे मुख्य अंग मानले आहे. सेवाग्रामच्या आश्रमात गांधीजींच्या प्रार्थनेत गीतेच्या श्लोकांबरोबर फातिहाही म्हटली जाई. पवनारच्या विनोबांनी तर अरबी शिकून मूळ कुराणाचे अध्ययन केले. त्यांनी निवडलेल्या आयतींचे सार १९६२ साली प्रसिद्ध झाले. दर्ग्यास आम्ही नारळ वाढवितो, विनोबांचे नाव अभिमानाने घेतो. पण भिंतीपलीकडे काय चालले आहे हे विचारीत नाही.

मी चाचांकडे गेलो आणि पाण्याच्या आवाजाने आमची झोप मुळीच मोडत नाही, असे सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्या रात्री पुन्हा पाण्याचा आवाज आला. कुटुंबास औषध देताना मी तो ऐकला. तिनेही ऐकला आणि म्हणाली, “उठले वाटतं.” पुढे तिच्या अखेरच्या आजारात रात्रीची वेळ आम्ही त्या आवाजावरूनच ओळखीत असू.

आता ती नाही आणि चाचाही नाहीत. त्यांचे चिरंजीव त्या घरात राहतात. मला अडीचला जाग येते, ती सवय राहिली आहे. परवा पहाटे मागल्या खिडकीत पुन्हा दिवा दिसला. सकाळी मी चिरंजीवांस त्याविषयी काही विचारले नाही. प्रकृतीची चौकशी तेवढी केली.